फायबरच्या बोटीचा आतला भाग रंगवायला घेण्याआधी

केबिनमधल्या जुन्या रंगाचा एखादा सुटा पोपडा नखाने काढा आणि उलटा करून उजेडात धरा. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर खालचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर) आधी कुणी घासलाच नव्हता, किंवा त्यावर मेण राहिलं होतं. मागे पांढरी भुकटी चिकटून आली असेल तर खालचा थर झिजून भुसभुशीत झाला होता आणि रंग त्या भुकटीला धरून बसला होता. मागे ओल किंवा तपकिरी ओघळ दिसला तर पाणी रंगाच्या पाठीमागून येतंय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे असे पाच-सहा पोपडे वेगवेगळ्या जागांवरून काढून पाहा आणि कुठे काय निघालं ते लिहून ठेवा. पुढच्या कामाचा क्रम त्यावरूनच ठरतो.

आधी पृष्ठभाग ओळखा

एकाच केबिनमध्ये चार-पाच तऱ्हेचे पृष्ठभाग असतात. छत, आसनांच्या पेट्या, स्वयंपाकघराचा कट्टा हे बहुधा साच्यातून काढलेल्या लायनरचे (केबिनच्या आतल्या फायबरच्या अस्तराचे) असतात: वर जेलकोट, गुळगुळीत. लॉकरच्या आत आणि हलच्या (बोटीच्या कवचाच्या) बाजूंना मॅटचं (विस्कटलेल्या काचतंतूंचं) किंवा रोव्हिंगचं (विणलेल्या काचतंतूंचं) उघडं लॅमिनेट, म्हणजे रेझिनने घट्ट केलेले काचतंतूंचे थर असतात, कधी त्यावर फ्लोकोटचा (रंगीत रेझिनचा) एक हात दिलेला असतो. काही ठिकाणी जुना रंग असतो, काही ठिकाणी रेक्झिन किंवा कार्पेट काढल्यावर उरलेला गोंद. बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) बहुतेक वेळा प्लायवूडचं असतं आणि हलला काचतंतूंच्या पट्ट्यांनी जोडलेलं असतं.

जेलकोट आणि उघडं लॅमिनेट या दोन्हींवर मेण असतं, पण ते वेगवेगळ्या वाटेने आलेलं असतं. लायनरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण असतं आणि त्यावर कुणी पॉलिश केलं असेल तर तेही. उघड्या बाजूला पॉलिएस्टर रेझिनच्या शेवटच्या थरात पॅराफिन मिसळलेलं असतं. हवा लागली की पॉलिएस्टरचा वरचा थर नीट सुकत नाही, चिकट राहतो. पॅराफिन वर तरंगून येतं, हवा अडवतं आणि थर कडक होतो. म्हणजे लॉकरच्या आतली ती ओबडधोबड, कोरडी दिसणारी बाजूसुद्धा मेणाच्या पातळ पापुद्र्याखाली आहे असंच धरून चाला.

चार छोट्या चाचण्या

ओलीसाठी ३० सेंमी × ३० सेंमी जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या हलकडच्या बाजूला जमले तर ओल लॅमिनेटमध्ये आहे. केबिनकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा आहे, खिडक्या-हॅच (डेकवरची झाकणं) उघडून जाईल. चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बांधायची पट्टी), खिडक्यांच्या चौकटी आणि डेकवरच्या क्लीटचे (दोर बांधायच्या खुंट्यांचे) बोल्ट या जागा हमखास गळतात. ही गळती रंगाआधी बंद करा आणि एक मोठा पाऊस किंवा होजपाइपचा अर्ध्या तासाचा मारा जाऊ द्या. रंगाने गळती थांबत नाही. फार तर पाणी दुसरीकडून बाहेर पडतं.

पोकळपणासाठी लहान हातोडीच्या प्लास्टिकच्या तोंडाने दर ५ सेंमीवर हलकं ठोका. टणक, खणखणीत आवाज चांगला. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलाय किंवा दोन थरांमधला गाभा (कोअर) कुजलाय. पेन्सिलने गोल करून ठेवा.

जुना रंग ठेवायचा की काढायचा हे ठरवायला धारदार ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा खालच्या थरापर्यंत कापा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर चौकोन निघून आले तर तिथला सगळा रंग काढायचा. एखाद्या कडेचे कण निघाले तर रंग ठेवता येतो.

चौथी चाचणी लोक सहसा टाळतात आणि मग नवा रंग सुरकुतलेला पाहून डोकं धरून बसतात. जो नवा रंग लावणार आहात त्याच्या थिनरमध्ये कापूस भिजवून जुन्या रंगावर ठेवा, वर प्लास्टिक झाका आणि दहा मिनिटांनी पाहा. रंग मऊ पडला, फुगला किंवा कापसाला लागला तर तो एकघटकी (हार्डनर न मिसळता लावायचा) आहे. त्यावर दोनघटकी (हार्डनर मिसळून लावायचं) इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन चालत नाही, कारण त्यातला तेज थिनर खालचा थर उचलतो. एक तर जुना रंग पूर्ण काढा, नाही तर नवाही एकघटकीच वापरा.

बोट फार जुनी असेल तर रंगात शिसं असू शकतं. तपासणी किटने पाहा, आणि शिसं निघालं तर कोरडं घासू नका. एक्झॉस्टभोवती जुनं पांढरं कापडी आवरण असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हात लावू नका, ते काम त्यातल्या माणसाकडेच द्या.

रिकामी करणं, वीज आणि हवा

गाद्या, फळ्या, लॉकरची झाकणं, दिवे, हुक, पडद्यांच्या पट्ट्या, सगळं काढा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा, पिशवीवर जागा लिहा, आणि काढण्याआधी फोटो घ्या. फिटिंगभोवती रंगवलेलं काम लांबून बरं दिसतं, पण पहिला पोपडा तिथूनच सुटतो, कारण फिटिंगच्या कडेखाली ना घासणी पोचते ना सफाई.

बॅटरीचे स्विच बंद करून निगेटिव्ह तार सोडवा. गॅसचा सिलिंडर बाहेर काढा. बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाचा पाणी साठणारा भाग; तिथल्या पंपाच्या फ्लोट स्विचकडे (पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचकडे) विशेष लक्ष द्या. बऱ्याच बोटींत तो मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर असतो, म्हणजे स्विच बंद करूनही तो चालूच राहतो. ॲसिटोन आणि इतर सॉल्व्हंटच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्या खाली बिल्जमध्ये साठतात, आणि ॲसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते. तिथे फ्लोट वर गेला आणि स्विच वाजला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. बोट पाण्यात असेल आणि पंप बंद ठेवणं शक्य नसेल तर सॉल्व्हंटचं काम बोट वर काढल्यावरच करा.

हवा खेळती ठेवायला नुसतं हॅच उघडणं पुरत नाही. ठिणगी न पाडणारा पंखा घ्या, त्याला लवचीक नळी जोडा आणि नळीचं तोंड बिल्जजवळ ठेवून तिथली हवा बाहेर ओढा. ताजी हवा लांबच्या हॅचमधून आत येऊ द्या. केबिनमध्ये एकट्याने सॉल्व्हंट वापरू नका, वर डेकवर एक माणूस असू द्या.

तोंडाला धुळीचा साधा मास्क बांधून वाफा अडत नाहीत. घासताना पी३ दर्जाचं धुळीचं फिल्टर आणि सॉल्व्हंटसाठी सेंद्रिय वाफांचं, तपकिरी पट्टीचं ए२ काडतूस (मास्कला लावायची गाळणीची डबी), असा अर्धचेहरा मास्क लागतो. दोन्ही एकत्र असलेलं काडतूस मिळतं, तेच घ्या. वास येऊ लागला की काडतूस संपलं. डोळे सगळ्या बाजूंनी झाकणारा चष्मा आणि टोपीसकट अंगभर सूट हवा, बाह्या हातमोज्यांवर टेपने बांधा. नायट्राइलचे मोजे इपॉक्सीला उत्तम, पण ॲसिटोन त्यातून काही मिनिटांत पार होतं. ॲसिटोनला ब्युटिल रबरचे वापरा. काचतंतू अंगावर आले तर चोळू नका, आधी गार पाण्याखाली वाहू द्या.

धुणं, आणि मग मेण काढणं

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात: घासणं आधी आणि पुसणं नंतर. मेणकट पृष्ठभागावर सॅण्डर (घासायचं मशीन) फिरवला की घर्षणाने मेण मऊ होतं आणि नुकत्या पडलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतं. वरून पृष्ठभाग एकसारखा मॅट दिसतो, पण प्रत्येक ओरखड्याच्या तळाशी मेण असतं. नंतर कितीही पुसलं तरी ते पूर्ण निघत नाही. म्हणून पाणी आणि साबण, मग सॉल्व्हंट, आणि त्यानंतरच घासायचा पेपर.

कोमट पाण्यात डिटर्जंट घालून, कडक प्लास्टिक ब्रशने खालून वर घासा. वरून सुरू केलं तर मळकं पाणी कोरड्या भागावरून ओघळतं आणि ते ओघळ निघता निघत नाहीत. स्वच्छ पाण्याने धुताना मात्र वरून खाली. साबणाचा अंश राहता कामा नये, त्यामुळे पाणी दोनदा बदला. मीठ फक्त पाण्याने जातं, सॉल्व्हंटने जात नाही, हेही या धुण्याचं एक कारण.

बुरशी असेल तिथे घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग असं लावून दहा मिनिटं ओलं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं क्लीनर किंवा व्हिनेगरसारखं कोणतंही आम्ल मिसळू देऊ नका. दोन्हींतून विषारी वायू सुटतो आणि बंद केबिनमध्ये तो जिवावर बेततो. बुरशीवर नुसता रंग दिला तर काही आठवड्यांत ठिपके वर येतात.

पूर्ण कोरडं झाल्यावर मेण काढणारं सॉल्व्हंट घ्या, शक्यतो रंगाच्या कंपनीने सांगितलेलंच. इथे ॲसिटोन फारसं कामाचं नाही. ते इतक्या झटकन उडतं की विरघळलेलं मेण उचलायच्या आत पुन्हा तिथेच बसतं. हळू उडणारं डीवॅक्सर उपयोगी पडतं. पद्धत दोन फडक्यांची: एका हातात भिजलेलं, दुसऱ्या हातात कोरडं. अर्धा मीटर चौरस भाग ओला करा आणि ओला असतानाच कोरड्या फडक्याने एकाच दिशेने उचला. गोल गोल फिरवू नका, त्याने मेण फक्त जागा बदलतं. दर पुसणीला फडक्याची नवी घडी, आणि दर दोन-तीन चौरस मीटरला नवं फडकं. फडकी पांढरी, सुती, न रंगवलेली असावीत. रंगीत कापडाचा रंग सॉल्व्हंटने सुटतो, आणि धुताना सॉफ्टनर घातलेल्या फडक्यांत सिलिकॉन असू शकतं.

मग स्वच्छ पाण्याची फवारणी करा. पाणी एकसंध पापुद्र्यासारखं पसरून अर्धा मिनिट तसंच राहिलं तर मेण गेलं. थेंब थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा. उघड्या रोव्हिंगवर ही चाचणी नीट वाचता येत नाही, तिथे एक पुसणी जास्त करून मोकळे व्हा.

सिलिकॉन हा वेगळाच शत्रू आहे. खिडक्यांभोवतीचं जुनं सिलिकॉन सीलंट किंवा इंजिनावर मारलेला स्प्रे यांचा अंश राहिला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, कारण तिथे रंग पसरण्याऐवजी मागे सरतो. आधी प्लास्टिकच्या पातीने सगळं खरवडून काढा, मग सिलिकॉन रिमूव्हर वापरा. त्या जागेची फडकी आणि पेपर दुसरीकडे वापरू नका, टाकून द्या. वापरलेली सॉल्व्हंटची फडकी चोळामोळा करून बोटीत ठेवू नका. बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात टाका.

जुना गोंद आणि फोम

रेक्झिनच्या आतल्या बाजूचा फोम वयाने कुजून पिवळसर चिकट भुकटी होतो, आणि रेक्झिन ओढलं की तो हलवर राहतो. मऊ थर आधी कोरडाच, कडक प्लास्टिक पातीने आणि ब्रशने काढा, व्हॅक्यूम चालू ठेवून. त्याखालच्या काँटॅक्ट गोंदाला लिंबूवर्गीय सॉल्व्हंट लावून वर प्लास्टिक झाका, अर्ध्या तासाने तो खरवडता येतो. घाईने सॅण्डर लावला तर गोंद गरम होऊन पेपरला गोळे चिकटतात आणि एक डिस्क हातभरही चालत नाही.

ओबडधोबड लॅमिनेटच्या खळग्यांतला गोंद ड्रिलला लावलेल्या तारेच्या ब्रशने निघतो. तारा स्टेनलेस किंवा पितळेच्याच हव्यात. साध्या लोखंडी तारेचे तुकडे लॅमिनेटमध्ये रुततात आणि काही महिन्यांनी नव्या पांढऱ्या रंगातून गंजाचे ठिपके वर येतात. हा ब्रश तारा उडवतो, चष्म्याशिवाय चालवू नका.

मेथिलीन क्लोराइड असलेला पेंट रिमूव्हर फायबरवर वापरू नका, तो जेलकोट आणि पॉलिएस्टर मऊ करतो. हीट गनही जपून: पॉलिएस्टर गरम झालं की जेलकोटला फोड येतात. फायबरसाठी सुरक्षित असं लिहिलेला रिमूव्हर वापरा, आणि तो धुऊन काढल्यावर डीवॅक्सरने पुन्हा पुसा, कारण अशा बहुतेक रिमूव्हरमध्ये मेण असतं.

घासणं

१५० मिमी डिस्कचा रँडम ऑर्बिटल सॅण्डर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम हा मुख्य आधार. वेग मध्यम ठेवा, डिस्क सपाट ठेवा, वजन टाकू नका. चांगल्या जेलकोटला १२० नंबरचा पेपर आणि मग १८०. टिकणाऱ्या जुन्या रंगाला १८०. रंग आणि उघडा जेलकोट यांच्या सीमेवर पायरी राहते, ती ८०, १२०, १८० अशा क्रमाने उतरवा. डोळे मिटून बोट फिरवलं आणि कड जाणवली तर अजून उतरवायची आहे.

जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. पेट्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर ती आणखी कमी असते, आणि ८० नंबरने तिथे काही सेकंदांत आरपार जाल. रंग बदलून आतलं हिरवट-तपकिरी रेझिन दिसलं की थांबा. तो डाग इपॉक्सीने झाकावा लागेल. त्यामुळे बाहेरचे कोपरे मशीनने न करता हातानेच घासा.

आतल्या गोलाईंत सॅण्डर पोचत नाही, आणि तिथेच लोक लाल स्कॉच-ब्राइटवर भागवतात. त्याचा ओरखडा साधारण ३२० नंबरइतका बारीक असतो, इपॉक्सी प्रायमरला पुरेशी पकड मिळत नाही. गोलाईच्या मापाचा रबरी होजचा हातभर तुकडा घ्या, त्याला १२० नंबरचा पेपर गुंडाळा आणि लांब हात मारत घासा. स्कॉच-ब्राइट नक्षीदार, न-निसरड्या भागासाठी राखून ठेवा.

हातात टॉर्च घेऊन ती पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. चमकणारा प्रत्येक ठिपका म्हणजे न घासलेली जागा. घासण्याआधी सगळीकडे पेन्सिलच्या रेघोट्या मारल्या तर काम आणखी सोपं होतं: रेघ उरली तिथे खोलगट.

उघड्या रोव्हिंगचा नियम उलटा आहे. विणीचे उंचवटे घासून सपाट करायचा मोह होतो, पण प्रत्येक उंचवटा म्हणजे ताणलेल्या काचतंतूंची जुडी. ती कापली की त्या जागेची ताकद जाते आणि तुटलेली टोकं वातीसारखी पाणी आत ओढतात. फक्त उभे राहिलेले काटे ६० किंवा ८० नंबरने हाताने मोडा, वरवर खरडा आणि बस. तिथे गुळगुळीत भिंत हवीच असेल तर घासण्याऐवजी इपॉक्सी लांबीचा (पुट्टीचा) पातळ हात भरा.

सुमारे २४ चौरस मीटर आतल्या कामाला धरून चाला: ८० नंबरच्या १० डिस्क, १२० च्या २५, १८० च्या २०, प्रायमरनंतर लागणाऱ्या २२० च्या १५, डीवॅक्सर ४ ते ५ लिटर, सुती फडकी ३ किलो, २५ मिमी टेपचे ४ ते ५ रोल. जुना गोंद असेल तर ८० च्या डिस्क दुप्पट.

भेगा, भोकं, बारीक छिद्रं

एखाद्या फिटिंगपासून किरणांसारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे तिथलं पॅनेल वाकतंय. त्या नुसत्या भरल्या तर बोट पुन्हा चालू लागताच उघडतात. आधी मागून बॅकिंग प्लेट किंवा ग्लासचे दोन-तीन थर देऊन जागा कडक करा. मग त्रिकोणी खरवडणीने भेग इंग्रजी व्ही आकारात उघडा, तळाशी भेग दिसेनाशी होईपर्यंत. केसासारखी भेग तशीच ठेवून वर लांबी फासली तर लांबी आत शिरतच नाही.

भरण्यासाठी इपॉक्सी घ्या. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, वजनी काट्यावर. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडं कमी-जास्त करून सुकण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीत हार्डनर वाढवला तर उरलेला हार्डनर तसाच मऊ राहतो आणि रंग कधीच नीट धरत नाही. घासायला सोपं हवं तिथे मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची भुकटी) मिसळा, ताकद हवी तिथे सिलिकाची भुकटी. उभ्या भिंतीवर पातीवरून ओघळणार नाही इतकं घट्ट करा. गाडीच्या कामाची पॉलिएस्टर लांबी कोरड्या छतावर चालून जाते, बिल्जमध्ये किंवा खिडकीखाली नाही, कारण त्यातला टाल्क पाणी पितो. ताज्या इपॉक्सीवर तर ती लावूच नका, पकड कमकुवत होते.

स्क्रूच्या जुन्या भोकाचं तोंड शंकूसारखं मोठं करा आणि सिलिका मिसळलेलं इपॉक्सी भरा. डेकमध्ये बाल्सा किंवा प्लायचा कोअर असेल तर भोक १० ते १२ मिमी करा, दुसऱ्या बाजूचा थर न फोडता ओला कोअर कोरून काढा, पूर्ण वाळवा, मग भरा. बल्कहेडच्या उघड्या प्लायवूड कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. कड पाणी शोषते तेव्हा तळाची पट्टी सुटायला लागते.

इपॉक्सी वाळल्यावर कधी कधी वर तेलकट, मेणचट थर येतो, अमाइन ब्लश म्हणतात तो. तो पाण्यात विरघळतो, सॉल्व्हंटमध्ये नाही. घासायच्या आधी स्वच्छ पाणी आणि स्कॉच-ब्राइटने धुवा.

जेलकोट घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडतात. प्रायमरने ती भरत नाहीत. वर पापुद्रा बसतो, आतली हवा तापून फुगते आणि बुडबुडा फुटून तिथेच खड्डा पडतो. इपॉक्सी लांबी प्लास्टिक पातीने कोनात दाबून ओढा, आधी उभी, मग आडवी. हे काम दुपारनंतर, तापमान उतरतीला लागल्यावर करा. आतली हवा आकसते आणि लांबी आत ओढली जाते.

बिल्ज

तेल आधी, बाकी सगळं नंतर. जाड डिग्रीजर आणि गरम पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. हे पाणी बाहेर पंप करू नका, बादलीत उपसून तेलकट कचऱ्यात द्या. एका चौकटीतून दुसरीकडे पाणी नेणाऱ्या भोकांत दोरीचे तुकडे खुपसून ठेवा, नाहीतर ती धूळ आणि रंगाने बुजतात. सगळं कोरडं झालं की पांढरा टिश्यू लॅमिनेटवर दाबून टेपने लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पिवळा डाग दिसला तर तंतूंमधून तेल अजून बाहेर येतंय, पुन्हा धुवा. तेल निघेपर्यंत तिथे इपॉक्सी, प्रायमर काहीच टिकत नाही.

काय रंगवायचं नाही

रबरी होज, होज क्लिप, सीकॉक (हलमधून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या तोट्या), अर्थिंगच्या जोडण्या, ट्रान्सड्यूसर (पाण्याची खोली मोजणारं यंत्र), झिंक ॲनोड (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा), टाकीचे व्हेंट आणि हल क्रमांकाची पट्टी यांवर टेप लावा. रंगाखाली होजच्या चिरा दिसत नाहीत. पितळी सीकॉकमधलं झिंक गळून गेलं की धातू गुलाबी दिसू लागतो. तोच इशारा रंग झाकून टाकतो. टेप घासणं आणि पुसणं पूर्ण झाल्यावर लावा, कड प्लास्टिक कार्डाने दाबा, आणि रंग हाताला लागेनासा झाला की त्याच दिवशी काढा. वर्तमानपत्र मास्किंगला वापरू नका, सॉल्व्हंटने शाई उतरते.

धूळ, हवामान आणि पहिला हात

छतापासून खाली व्हॅक्यूम करा, लॉकरच्या आत आणि झाकणांच्या खोबणींतसुद्धा. हवेच्या दाबाने धूळ उडवू नका, कंप्रेसरमधलं तेल त्याबरोबर येतं. रात्रभर धूळ खाली बसू द्या, सकाळी पुन्हा व्हॅक्यूम, मग थिनरची दोन फडक्यांची शेवटची पुसणी. टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट कापड) वापरलात तर हलकाच फिरवा, दाबला तर त्याचा चिकटा मागे राहतो. यानंतर उघड्या हाताने पृष्ठभागाला स्पर्श नको.

हलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. केबिनमध्ये २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २४ अंश येतो, म्हणजे हल किमान २७ ला असायला हवं. बोट २५ अंशांच्या पाण्यात उभी असेल तर पाणरेषेखालचं हल आतूनही २५ च्या आसपासच राहतं. केबिन कितीही कोरडी वाटली तरी तिथे डोळ्याला न दिसणारी ओल धरते आणि प्रायमर पांढुरका पडतो. बोट जमिनीवर असावी असा आग्रह याचसाठी. इन्फ्रारेड थर्मामीटर आणि साधा आर्द्रतामापक जवळ ठेवा.

दोनघटकी इपॉक्सी प्रायमर मिसळल्यावर डब्यावर सांगितली असतील तेवढी मिनिटं थांबून वापरा. कोपरे आधी ब्रशने, मग १०० मिमीच्या, सॉल्व्हंटला टिकणाऱ्या फोम रोलरने मोकळ्या जागा. स्प्रे बंद केबिनमध्ये नको. दोनघटकी पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला तर काडतुसाचा मास्कही पुरत नाही. लिटरला ८ चौरस मीटर धरलं तर २४ चौरस मीटरला एका हाताला ३ लिटर, दोन हातांना ६. उघडं लॅमिनेट जास्त असेल तर त्या भागाचं दीडपट धरा.

पहिला हात सुकला की राहिलेली सगळी छिद्रं आणि ओरखडे एकदम उठून दिसतात. ते आता भरा, १८० ने घासा आणि दुसरा हात द्या. दोन हातांमधलं अंतर डेटाशीटवर (रंगाच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर) दिलेल्या वेळेत ठेवलं तर मध्ये घासावं लागत नाही. वेळ उलटली तर २२० ने घासून, पुसून मगच पुढे. शेवटच्या चकचकीत रंगासाठी प्रायमर ३२० पर्यंत न्या, मॅट किंवा सेमीग्लॉसला २२० पुरे.